तिसरं कडवं

टेबलावरचा फोन पुन्हा गुरगुरला, तिच्या हाताखालचं कापड सरकलं आणि शिलाई वाकडी गेली. दवाखान्याचे पडदे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. तिने मशीन थांबवलं आणि ब्लेड घेऊन ती टाके उसवायला लागली. फोनकडे बघितलंसुद्धा नाही.

फोन नवऱ्याचा होता. नवरा जाऊन दोन महिने होत आले होते. "आई, बंद करून टाक तो," असं मुलगा म्हणाला होता. पण पडद्यांची गिऱ्हाइकं त्याच नंबरवर फोन करायची, म्हणून तिने चालू ठेवला. आणि चालू ठेवला म्हणून हे लचांड मागे लागलं.

लोकगीतांचा कुठलासा ग्रुप. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसं. कुणी जुनं गाणं म्हणून टाकायचं, बाकीचे वाहवा करायचे. नवरा तिथे 'कानसेन' होता. स्वतः गायचा नाही, पण नवखं कुणी बिचकत बिचकत गायलं की पहिली शाबासकी त्याची. तो गेल्याचं कळल्यापासून रोज निरोप यायचे. 'कानसेनदादा, तुमच्याशिवाय ग्रुप सुना सुना आहे.' 'दादा, तुमच्याइतकं गोड आमच्याशी कुणी बोललं नाही.'

गोड. ते वाचलं की तिचं डोकं फिरायचं. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करून आलेला हा माणूस घरात हूं की चूं करायचा नाही. भाजी कशी झालीय विचारलं तर 'बरी.' बाहेर पोपट आणि घरात घुम्या. त्याच्या आठवणीने रडू यायचं, पण त्याच्याआधी राग यायचा, आणि मग रडायचं राहूनच जायचं.

फोन परत वाजला. गिऱ्हाईक असेल तर पंचाईत, म्हणून तिने उचलला.

"वहिनी, मी दादांच्या ग्रुपवरची. नर्स आहे. मला तिथे सगळे सुंठ म्हणतात."

"मी तुमची वहिनी कधी झाले?"

"चुकलं. ताई म्हणू का?"

"काम बोला. माझे पडदे खोळंबलेत."

"रविवारी आम्ही सगळे मिळून दादांसाठी एक गाणं म्हणणार आहोत, फोनवरच. त्यांनीच दिलेलं. पण दोनच कडवी आहेत. तिसरं मिळालं की टाकतो, टाकतो म्हणायचे. म्हटलं, घरात कुठे लिहून ठेवलं असेल तर..."

"ह्यांनी वाणसामानाची चिठ्ठीसुद्धा कधी लिहिली नाही. कुठलं गाणं?"

नर्स दबक्या आवाजात म्हणायला लागली. मागे कुठेतरी ट्रॉलीची चाकं खडखडत होती.

"सुई गं माझी बारीक, दोरा लांबच लांब,
जाणाऱ्याला सांगा कुणी, दारापाशी थांब..."

तिच्या हातातलं ब्लेड थबकलं.

"हे कुठून मिळालं म्हणाले?"

"एका बाईंकडून. मशीनवर बसल्या की गातात, पण कुणाची चाहूल लागली की गप्प होतात, म्हणायचे. म्हणून दादा दाराबाहेरच उभे राहायचे. पण तिसऱ्या कडव्याला बाईंचा आवाज उतरतो, शब्द काही कळत नाहीत..." नर्स थांबली. "ताई, मघाशी तुम्ही पडदे म्हणालात. त्या तुम्हीच का?"

तिने दाराकडे पाहिलं. जिन्यात त्याच्या बुटांचा आवाज यायचा आणि मग कितीतरी वेळ बेल वाजायची नाही. तिला वाटायचं, त्या फोनवाल्या लोकांशी बोलून पोट भरलं की येईल आत. एकदा ती भांडलीही होती, घरात यायला जिवावर येतं का म्हणून. तर म्हणाला, 'बुटाची नाडी सुटत नव्हती.'

"आम्ही सांगायचो, दादा, सरळ विचारून टाका की," नर्स म्हणाली. "तर म्हणायचे, विचारलं तर ती गायचीच बंद होईल. मग काय करू?"

"हे तुम्हाला सांगायचे?"

"सगळ्यांनाच सांगायचे."

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना."

तिने उसवलेला दोरा बोटाभोवती गुंडाळला, इतका घट्ट की बोट पांढरं पडलं.

"तिसरं कडवं मला येत नाही," ती म्हणाली. "माझी मावशी म्हणायची ते गाणं. मी लहान होते. दोन कडवी राहिली डोक्यात, तिसऱ्याची नुसती चाल. म्हणून तिथे मी आपली गुणगुणायचे. शब्द नव्हतेच तिथे."

"अगं बाई."

"आत येऊन एकदा विचारायचं. एका वाक्यात सांगितलं असतं." तिचा आवाज चिरकला. "आणि गायचीही थांबले नसते. मला काय माहीत, ह्यांना ऐकायचं असतं ते? मला वाटायचं, मशीनच्या आवाजानेच माणूस वैतागतो, त्यात माझं गाणं कशाला."

पलीकडे कुणीतरी 'सिस्टर' म्हणून हाक मारली. "आले," म्हणून नर्सने उत्तर दिलं, पण फोन ठेवला नाही.

"ताई, मग रविवारी तिसऱ्या कडव्याला आम्ही काय म्हणू?"

दवाखान्याचं पांढरं कापड ओलं व्हायला नको, म्हणून तिने ते बाजूला सारलं.

"मी म्हणायचे तसंच म्हणा," ती म्हणाली. "तोंड मिटून."