दोन चापांची सलामी

पालखी दाराशी आली. धाकूकाकांनी ठासणीची बंदूक आभाळाकडे धरून चाप ओढला, पण बार उडालाच नाही. देवीला सलामी देण्याचा मान आमच्या घराचा. पालखी दारातून हलेपर्यंत बार झाला नाही, तर तो मान शेजारच्या गुणाजी परबाकडे कायमचा जायचा.

"बंदुकीक झोप लागली काय रे धाकू?" गुणाजीने विचारलं. त्याची एका चापाची बंदूक खांद्यावर तयारच होती.

आमच्या बंदुकीला चाप दोन. आधी मागचा ओढून ठेवायचा, मग पुढच्याला नुसता स्पर्श झाला तरी पुरतो. काकांनी घाईत पुढचाच ओढला होता.

"अवो, मागचो आधी!" काकू ओसरीवरून ओरडली.

काकांनी मागचा ओढला. नुसतं टक् झालं. लोक खो खो हसले. काका इतके ओशाळले की पुढच्या चापाचं विसरूनच गेले. एका हातात बंदूक तशीच उभी धरून नैवेद्याच्या गुळाने चिकट झालेली बोटं धोतराला पुसू लागले. तेवढ्यात त्या गुळाच्या वासाने एक माशी पुढच्या चापावर येऊन बसली.

धडाम! ढोलवाल्याच्या हातून टिपरी पडली.

"बार माशीन मारल्यान, तुया नाय!" गुणाजी ओरडला.

"पण माशी कोणाच्या घरातली?" काका म्हणाले. "आमच्याच ना?"

गुरवाने क्षणभर विचार केला आणि मानाचा नारळ आमच्याच उंबऱ्यावर फोडला.