उताणे पाटे

ऊन चढायच्या आत काठावरचे सगळे पाटे पालथे झाले होते. दोन सोडून.

डोंगराकडे निघायचा दिवस होता. फरात नदीच्या काठची बिऱ्हाडं कातडी गुंडाळत होती, खांब उपटत होती. पाटा मात्र कुणी बरोबर नेत नसे. ती धोंड वाहणार कोण? बाया तो पालथा घालून जायच्या आणि थंडीत परतल्या की उताणा करून पुसून घ्यायच्या. जाताना उताणा राहायचा तो फक्त तिचा, जिचे पाय आता डोंगर चढणार नाहीत. तिच्याजवळ दाणे ठेवायचे, पाण्याची पखाल ठेवायची आणि निघायचं. थंडीत परतल्यावर त्यातली एकही कधी जिवंत भेटली नव्हती.

यंदा नाझू म्हातारीची पाळी होती. ती आपल्या पाट्याशी पाय पसरून बसली होती आणि सुनेवर खेकसत होती.

"तिल्मे, तुझा अजून उताणाच? हात मोडले का गं तुझे?"

"मोडले, आत्या."

"घाल म्हणते ना पालथा! लोक बघतायत."

"बघू देत की. डोळे आहेत त्यांना."

तिल्माने पाट्यावर मूठभर गहू टाकला आणि भरडायला बसली. सासूला टाकून जायचं नाही हे तिचं पक्कं होतं. पण नवरा काय करेल, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची हिंमत झाली नव्हती. हरणांमागे धावण्यात ओरूकचा हात धरणारा काठावर कुणी नव्हता. आणि हरणं डोंगरात होती.

ओरूक आला तो खांद्यावर खांबांची मोळी घेऊनच. पाट्यांकडे पाहून थबकला.

"दोन?"

तिल्माने पाट्यावरचे दाणे सारखे केले.

"आईचं ते... ते चालत आलंय." तो तिल्माकडे वळला. "तुझा कशाला?"

तिल्माने हनुवटीने मागच्या खड्ड्याकडे दाखवलं. "आत उतर. गळ्यापर्यंत गहू आहे. तू किती उचलशील? दोन टोपल्या? बाकीचा काय उंदरांना?"

तो गहू म्हातारीचा होता. हलवलं तरी ज्यांचे दाणे गळत नाहीत अशी कणसं तिने हट्टाने वेचून ठेवली होती आणि थंडीतल्या पावसाच्या तोंडावर ते बी नदीकाठच्या मातीत फेकलं होतं. तेव्हा सगळा काठ हसला होता. म्हातारी पाखरांना जेवू घालतेय म्हणाले होते.

तेवढ्यात म्होरक्या बर्दा काठी टेकत आला. "चल ओरूक, ऊन होतंय." मग त्यालाही दोन पाटे दिसले. "अरे! एवढी तरणीताठी बायको आणि पाटा उताणा? इथे बसून काय करणार तू, गवत राखणार? हरणं हसतील रे तुला!"

"बर्दा, तू हो पुढे," नाझू म्हणाली. "तुझ्या गुडघ्यांची करकर मला इथवर ऐकू येतेय. येत्या खेपेला तूही इथेच बसशील. तेव्हा बोलू गवताबद्दल."

पाठीवर ओझी घेतलेल्या बाया खुदखुदल्या. बर्दा चढावाकडे वळला. जाताना त्याचा हात आपसूक गुडघ्याकडे गेला.

रांग चढावाला लागली. ओरूक तसाच उभा. मोळी खांद्यावरच.

"जा रे," म्हातारी म्हणाली. या वेळी ती खेकसली नाही. "माझ्यापायी अडकू नकोस. खायला आहे माझ्याजवळ."

"आणि ही?"

"ती माझं कधी ऐकते?"

तिल्मा मान खाली घालून भरडत राहिली. पाट्यावर पीठच उरलं होतं, तरी तिचा हात चालूच होता.

धप्पकन आवाज झाला. तिने वर पाहिलं. मोळी खाली पडली होती आणि ओरूक तिची दोरी सोडत होता.

"रोज रोज गहूच खायचा का मग?" तो चिडून म्हणाला.

"नदीत मासे आहेत की!" तिल्मा म्हणाली.

"याला पकडता येतील तेव्हा ना," म्हातारी म्हणाली. "लहानपणी एकदा बेडूक आणला होता. मासा म्हणून!"

तिल्माला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले. कित्येक दिवसांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. तिने पीठ सुपात भरलं, आणखी दोन मुठी गहू पाट्यावर टाकला आणि थोडा सासूच्याही पाट्यावर टाकला.

ओरूकने चांगली जागा बघून खांबासाठी खणायला घेतलं. नेहमीसारखं वीतभर खणलं आणि खांब उचलला.

"आणखी," म्हातारी म्हणाली.

त्याने कोपरापर्यंत खणलं.

"आणखी."

"अगं आई, एवढं खोल?" तो वैतागला. "मग निघताना उपटायचा कसा?"

दोन्ही पाट्यांवर दाणे भरडले जात होते. चढावावरची रांग आता मुंग्यांएवढी झाली होती. ओरूकने तिकडे एकदा पाहिलं, या दोघींकडे पाहिलं. मग पालथा पडला आणि खांद्यापर्यंत हात खड्ड्यात घालून माती उपसू लागला.