याडीला विचारलं

भुरीबाईनं कमरेची पुडी सोडली आणि सुनेपुढं ठेवली. दुपारची भाकर खाऊन दोघी शेताच्या धुऱ्यावरच्या पळसाखाली बसल्या होत्या. समोर फुलसावंगीच्या रस्त्यापर्यंत कापसाची पऱ्हाटी फुटून पांढरी झाली होती.

"ढाणकीच्या वैद्याची हाये," भुरीबाई म्हणाली. "एकवीस दिवस, अनशापोटी. इंद्रजीतले सांगू नको."

अंजूनं पुडीचा वास घेतला आणि ती सासूच्या हातात परत दिली.

"याडी, मले काही झालं नाही. त्यायलेही नाही." सासूला ती याडी म्हणायची, आई म्हणावं तसं. "आमाले लेकरूच नाही पाह्यजे."

अंजू-इंद्रजीतच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. सात वर्षं भुरीबाईच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं होतं. सुनेत दोष असेल, पोरात असेल, देवीचा नवस फेडायचा राहिला असेल. हे मात्र कधीच आलं नव्हतं.

"असं कोनं ठरवलं?"

"आमीच. मले पाहाले आलते ना, तवाच. चहा देतानी मी त्यायले सांगून टाकलं, मले आई व्हावंसं वाटत नाही. ते म्हनाले, मलेही तशी ओढ नाही. मंग मी हो म्हटलं."

"अन् काहून नाही वाटत?"

"मीही लय शोधलं, याडी. कारनच नाही सापडलं. नको वाटते, एवढंच."

भुरीबाईला पाहायला आले तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि तिनं मानसुद्धा वर केली नव्हती. सोळाव्या वर्षी पहिलं झालं. तिसरी पोरगी ऊसतोडीवर, पाचटाच्या कोपीत. चौथ्या दिवशी ती पुन्हा मोळ्या उचलत होती. सहा झाली. होत गेली.

"म्हातारपनाचं भेव नाही वाटत तुले?"

"वाटते. कधीमधी लय वाटते."

"मंग?"

"मले भेव वाटते म्हनून दुसऱ्या कोनाले जन्माले कसं घालू?"

अंजू भाकरीचं फडकं झटकून घडी घालू लागली. घडी घालता घालताच तिनं विचारलं,

"तुमाले किती पाह्यजे होते?"

भुरीबाईला आधी प्रश्नच समजला नाही. सासूनं नाही, नवऱ्यानं नाही, दवाखान्यातल्या बाईनं नाही, हे तिला कधी कोणी विचारलंच नव्हतं. उत्तर मात्र तयार होतं. इतकी वर्षं ते कुठं बसून होतं कोण जाणे.

"दोन," ती म्हणाली.

स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला. लांब पऱ्हाटीत इंद्रजीत कापसाचं गाठोडं बांधत होता. तो तिचा पाचवा, आणि साऱ्यांत जास्त जीव लावणारा. अंजूनं तिकडं पाहिलं नाही. तिनं सासूचा हात हातात घेतला.

संध्याकाळी तांड्याच्या वाटेवर शेजारच्या लालीबाईनं भुरीबाईला गाठलं.

"सुनेचं काही समजलं का? काय दोष निंघाला?"

"दोष नाही. त्या दोघायनं इचार केला."

"कायचा?"

"लेकरू पाह्यजे का नाही, त्याचा."

लालीबाई वाटेतच थांबली. तिला पाच लेकरं होती.

"असा इचार करता येते?" तिनं हळूच विचारलं.

"येते," भुरीबाई म्हणाली. "मी आज पाह्यलं."