रवा कशात आहे?

पत्नी रमाचं तेरावं झाल्यावर कमलाकरांनी आयुष्यातला पहिला चहा केला. बी.ए.चा इतिहास वाचत बसलेल्या नातीने घोट घेतला. “आजोबा, मीठ!” “डब्यावर साखर लिहिलंय.” “आजी त्यात मीठच ठेवायची. साखर रव्याच्या डब्यात. बावीस वर्षं राहताय ना इथे?” कमलाकर गोंधळले. विचुंबे गावातलं हे घर तर त्यांच्याच नावावर होतं. “तुम्ही अगदी स्पेनचे राजे,” नात पुस्तक दाखवत म्हणाली. “सिसिली बेट त्यांचं, पण बहुतेकांनी ते पाहिलंच नाही. कारभार व्हाइसरॉय करायचे.” “आणि व्हाइसरॉय गेला तर?” “राजा दुसरा पाठवायचा.” बोलून ती चपापली आणि पेनाने डब्यावरचं ‘साखर’ खोडू लागली. कमलाकरांनी डबा छातीशी धरला. “राहू दे. तिचाच हुकूम चालू दे. राजा बेटावर उतरलाय आता. एवढंच सांग, रवा कशात आहे?” ते मात्र नातीलाही ठाऊक नव्हतं.