टॅलमन जिंकायला हवं

"टाळ्या वाजवा बाबा. टॅलमनने चेंडू पुढे नेलाय," कोल्टनने आठवण करून दिली.

व्हर्ननने टाळ्या वाजवल्या, पण तोंड वाकडं करून. टॅलमन कॉलेज म्हणजे त्याचा जन्माचा वैरी. त्यांचा रंग नारिंगी, म्हणून या घरात आजवर संत्रंसुद्धा आलं नव्हतं. पण आज वेळच तशी होती. कोल्टनचा ब्रॅनफर्ड कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ मोसमात एकच सामना हरला, तोही टॅलमनकडून, आणि त्यामुळे कॉन्फरन्सचा, म्हणजे त्यांच्या गटाचा, अंतिम सामना कोल्टनला घरी टीव्हीवर बघावा लागत होता. टॅलमन जिंकलं, तर विजेत्यांकडून हरण्यात कमीपणा नाही असं म्हणून निवड समिती उद्या ब्रॅनफर्डलाही देशाच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत घेणार, असं सगळे जाणकार सांगत होते. हरलं, तर एरवी कोणी विचारलं नसतं ते समोरचं मिलर्टन विजेतं म्हणून आत जाणार आणि ब्रॅनफर्डची जागा खाणार. कोल्टनचं हे कॉलेजचं शेवटचं वर्ष. पुढे आपल्याला कोणी खेळवणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मैदानात हरलो असतो तर गोष्ट वेगळी," तो म्हणाला. "सोफ्यावर बसून हरायचं म्हणजे..."

"हरतोयस कुठे? ही नारिंगी गाढवं जिंकतायत ना."

"बाबा!"

"बरं, गाढवं नाही. घोडे."

कोल्टनची आई डॉरीन राजमा-खिम्याच्या तिखट चिलीचे वाडगे घेऊन आली. "या घरात टॅलमनसाठी टाळ्या! सासऱ्यांना वर कळलं तर परत खाली येतील."

सामना संपत आला तेव्हा टॅलमन दोन गुणांनी मागे होतं. आता लाथाडलेला चेंडू दोन खांबांमधून गेला की तीन गुण, आणि सामना खिशात. लाथ मारायला आला तोच पोरगा, ज्याने ब्रॅनफर्डला हरवलं होतं. त्या दिवशी व्हर्ननने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आज तो बोटं घट्ट गुंफून पुटपुटला, "मार रे बाळा, मार."

चेंडू उंच गेला, वळला आणि खांबाच्या बाहेरून निघून गेला.

"गेला! बाहेर गेला!" व्हर्नन ताडकन उठला, दोन्ही हात वर करून ओरडला. "हरले लेकाचे! हरले!"

डॉरीन नवऱ्याकडे बघतच राहिली. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. चेहरा उतरला, पण वर गेलेले हात खाली घ्यायचं त्याला सुचेना. जन्मभर अंगात मुरलेली सवय, एका दुपारीत कुठून जाणार? बिचाऱ्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

"कोल्टन... अरे, मी..."

कोल्टन उठला. त्याचे डोळे भरले होते. बापासमोर येऊन त्याने त्या वर राहिलेल्या दोन्ही तळव्यांवर आपले तळवे जोरात आपटले.

"हरले ना एकदाचे," तो म्हणाला.