सर, तुम्ही पण थांबा

"आपल्या गावातून कोणती नदी वाहते?" मी तिसरीच्या वर्गाला विचारलं. एकही हात वर आला नाही. एरवी "सर मी, सर मी" करून वर्ग डोक्यावर घेणारी पोरं आज हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसलेली. आणि मागच्या खुर्चीत तपासणीला आलेले केंद्रप्रमुख.

माझी नोकरी अजून कायम व्हायचीय. मग लक्षात आलं, सगळे चोरून सार्थककडे बघतायत. सार्थक आमचा मॉनिटर. पोरं आवरत नाही म्हणून काल मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. बेट्यानं बदला घ्यायला बरोबर आजचा दिवस निवडला.

"काय सार्थकराव, संप आहे का?" मी हसून विचारलं, पण आतून पेटलो होतो. त्यानं खिडकीकडे मान वळवली.

तिथं भाविका उभी राहत होती. ती बोलताना अडखळते. तिचं पहिलं अक्षर निघेपर्यंत बाकीचे उत्तर ओरडून मोकळे होतात, म्हणून ती वर्गात कधी बोलतच नाही. "गि... गि..." एवढ्यावर ती अडली. केंद्रप्रमुखांनी घड्याळ बघितलं. मी घाईघाईनं म्हणालो, "हां बाळा, बस, गिर..."

"सर, तिला येतंय," सार्थक हळूच म्हणाला. "आम्ही सगळे थांबलोय. तुम्ही पण थांबा ना."

मी हातातला खडू टेबलावर ठेवला आणि थांबलो.

"गि... गिरणा," भाविका म्हणाली. मग कुणी विचारलं नव्हतं, तरी ती नदी कुठून येते तेही सांगायला लागली.