तिसरं नाव

आनंदराव गुरुजींच्या प्रौढ वर्गात भागीरथा महिनाभरात स्वतःचं पूर्ण नाव तेवढं लिहायला शिकली होती. पेपर मात्र गुरुजीच रोज संध्याकाळी सावनेरच्या वाचनालयात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत.

आज चांद्याकडच्या एका खाणीत दगावलेल्यांची नावं आली होती. तिथे कामाला गेलेल्या मजुरांच्या बायका श्वास रोखून ऐकत होत्या. पहिली दोन नावं परगावची निघाली. तिसऱ्याशी गुरुजी अडखळले, खाकरले आणि थेट चौथं वाचू लागले. भागीरथाला घरी जाऊनच सांगू, असं त्यांनी ठरवलं.

शेजारी बसलेल्या भागीरथाने गाळलेल्या ओळीवर बोट ठेवलं.



"हे माह्या नावात मधात येते, गुरुजी. नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाई जी, तुम्हीच वाचा."